घाट उतरताना

गेल्या वर्षी इयत्ता नववीच्या वर्गात भूगोलाचा तास चालू असताना एका विद्यार्थ्याने मध्येच हात वर केला आणि विचारले, "सर, गाडी चालवायला जगातला सर्वांत धोक्याचा रस्ता कोणता?" प्रश्न पुस्तकातला नव्हता; त्यामुळे सारा वर्ग एकदम जागा झाला. कोणी काश्मीरकडील झोजी खिंडीचे नाव घेतले. कोणी चीनमधील ग्वोलियांग गावाचे घेतले. तेथील ग्रामस्थांनी १९७२ ते १९७७ या काळात उभा कडा हातांनी पोखरून मोटार जाईल एवढी वाट काढली, हे त्याने कोठेतरी वाचले होते. शेवटी मागच्या बाकावरून "बोलिव्हिया!" असा आवाज आला आणि बहुमत त्या बाजूस पडले. मीही मान डोलावली. घंटा झाली आणि विषय तेथेच राहिला.

परंतु ते उत्तर माझ्या मनातून जाईना. ते चूक नव्हते, तरी अपुरे होते. वार्षिक अंकासाठी काही लिहून द्यावे असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा हाती घ्यावा असे ठरविले.

प्रथम बोलिव्हियाचा तो रस्ता पाहू. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात ला पाझ हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथून निघालेला रस्ता आधी सुमारे ४,६५० मीटर उंचीची खिंड चढतो आणि मग युंगास नावाच्या उष्ण, दमट व दाट जंगलाच्या प्रदेशात बाराशे मीटरांपर्यंत खाली उतरतो. सकाळी लोकरीचे कपडे अंगावर घालून निघालेला प्रवासी काही तासांत घामाघूम होतो. १९३० च्या दशकात बोलिव्हिया आणि पॅराग्वे या देशांत युद्ध झाले. त्या युद्धातील पॅराग्वेच्या कैद्यांकडून हा रस्ता खोदवून घेण्यात आला. काही ठिकाणी त्याची रुंदी जेमतेम तीन मीटर आहे. एका अंगाला पाझरणारा कडा, दुसऱ्या अंगाला शेकडो मीटरांची दरी, बहुतेक ठिकाणी कठडा नाही, आणि वरून धुके. जुलै १९८३ मध्ये येथे एक बस दरीत जाऊन शंभराहून अधिक प्रवासी मरण पावले. १९९५ साली आंतर-अमेरिकी विकास बँकेने या रस्त्यास जगातील सर्वांत धोकादायक रस्ता म्हटले आणि तेव्हापासून हे बिरुद त्याला चिकटले ते चिकटलेच.

या रस्त्यावरील एक नियम फार शहाणपणाचा आहे. बोलिव्हियात इतरत्र वाहने उजव्या बाजूने चालतात व चालक गाडीत डावीकडे बसतो. या एका रस्त्यावर मात्र डाव्या बाजूने चालावयाचे. कारण असे की, उतरणारी गाडी दरीच्या कडेने जाते, आणि डावीकडे बसलेल्या चालकाला खिडकीतून मान बाहेर काढून आपले बाहेरचे चाक कडेपासून किती वीत दूर आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि गाडी डावीकडून चालते. म्हणून डाव्या हाताला दरी आली की जे चाक दिसले पाहिजे नेमके तेच आपल्या चालकाला दिसत नाही. अशा वेळी मालट्रकचा क्लीनर खाली उतरतो आणि पत्र्यावर थापा मारीत, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत गाडी काढून देतो. हे दृश्य ज्यांनी पाहिले असेल त्यांना बोलिव्हियाच्या नियमाचे मर्म चटकन कळेल.

२००६ सालापासून तेथील बहुतेक वाहतूक नव्या, रुंद रस्त्याने जाऊ लागली. जुन्या रस्त्यावर आता मुख्यतः हौशी सायकलस्वार दिसतात.

त्या जुन्या रस्त्यावर वर्षाला दोनशे ते तीनशे माणसे मरत, असा अंदाज त्या काळी सांगितला जाई. हा आकडा लहान नव्हे. परंतु आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. म्हणजे दर दिवशी सुमारे चारशे साठ. ही माणसे कोणत्या रस्त्यांवर गेली? बोलिव्हियासारख्या कड्यावरच्या रस्त्यांवर तर नक्कीच नाही. तसे रस्ते आपल्या देशात आहेत किती? वर्गात मला खटकले ते हेच. चित्रातला भयानक रस्ता आणि माणसे मारणारा रस्ता हे दोन वेगळे असू शकतात.

तेव्हा आता आपलाच रस्ता घेऊ. आपल्या सोनागिरीच्या नावात 'गिरी' असला, तरी घराबाहेर पडले की दिसतात ते पिपलानीकडे आणि रायसेन रस्त्याकडे जाणारे शहरी मार्ग. घाट आपल्याला भेटतो तो सुटीत. दिवाळी आली, मे महिना आला की येथील कित्येक मराठी कुटुंबे गावी निघतात. विदर्भाकडील मंडळी बैतूलवरून जातात. खानदेश, नाशिक आणि मुंबईकडील मंडळी इंदूरवरून जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याला लागतात. या दुसऱ्या रस्त्याचा नकाशा विद्यार्थ्यांनी एकदा नीट पाहावा. माळव्याच्या पठारावर इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. मानपूर ओलांडले की रस्ता विंध्य पर्वत उतरू लागतो आणि धामणोदवरून खलघाटाला नर्मदेच्या पुलावर येतो. तेथील उंची दीडशे मीटरांच्या आसपास. म्हणजे शंभर किलोमीटरांच्या आतच गाडी चारशे मीटर खाली आलेली असते. पुढे पुन्हा चढ. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटाने सातपुडा उतरला की महाराष्ट्र लागतो, मग शिरपूर, तापी नदी आणि धुळे. नाशिक सोडल्यावर इगतपुरीपासून कसारा घाटाने सह्याद्री उतरावयाचा. विंध्य, सातपुडा, सह्याद्री: भूगोलाच्या पुस्तकातील तीन पर्वत या एका रस्त्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि माहेरी किंवा आजोळी जाणारी गाडी त्या तिन्ही पायऱ्या उतरूनच जाते.

'उतरूनच' या शब्दावर मी मुद्दाम जोर देत आहे. घाट चढताना गाडी धापा टाकते, तापते, प्रसंगी बंद पडते, आणि आपण म्हणतो, "घाट फार अवघड आहे." उतरताना गाडी आपसूक धावते, इंजिनाचा आवाजही होत नाही आणि सर्वांना बरे वाटते. वास्तविक धोका या दुसऱ्या वेळी अधिक असतो. तो कसा, हे समजण्यासाठी आठवीनववीच्या शास्त्राएवढे शास्त्र पुरते.

उंचीवर असलेल्या वस्तूत स्थितिज ऊर्जा असते, हे तुम्ही शिकला आहात. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की ती मिळते. एक मालट्रक मालासह तीस टन, म्हणजे ३०,००० किलोग्रॅम वजनाचा आहे असे धरा. तो ३०० मीटर खाली उतरला. ३०,००० × ९.८ × ३०० म्हणजे सुमारे ८ कोटी ८२ लाख ज्यूल. ही ऊर्जा कोठे तरी गेलीच पाहिजे. ती नाहीशी होत नाही. घाटाच्या पायथ्याशी गाडीचा वेग माथ्यावर होता तेवढाच असेल, तर ही सारी ऊर्जा वाटेत उष्णतेत बदलली, असा त्याचा अर्थ. काही भाग हवेच्या विरोधात आणि टायरांच्या घर्षणात गेला, काही इंजिनाने सोसला. राहिलेला सारा ब्रेकांनी.

ही उष्णता किती? खोलीतील तापमानाचे, समजा २५ अंशांचे, सुमारे २८० लिटर पाणी उकळण्याच्या बिंदूपर्यंत तापविण्यास जेवढी लागते तेवढी. पंधरा लिटरच्या अठरा-एकोणीस बादल्या! दुसऱ्या रीतीने सांगतो. तोच मालट्रक सपाट रस्त्यावर ताशी साठ किलोमीटर वेगाने जात असताना ब्रेक मारून पूर्ण थांबविला, तर सुमारे ४२ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकांत जिरते. म्हणजे तीनशे मीटर उतरणे हे साठच्या वेगातील गाडी लागोपाठ एकवीस वेळा थांबविण्यासारखे आहे, आणि मध्ये ब्रेकांना गार होण्यास पुरेशी उसंत नाही. त्यातच मालकाने जादा माल भरून गाडीचे एकूण वजन दीडपट केले असेल तर उष्णताही दीडपट होते. ब्रेकचे ढोल मात्र तेवढेच राहतात.

तापलेल्या ब्रेकात काय होते? चाकाच्या आतल्या ढोलावर दाबल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे घर्षण फार तापल्यावर कमी होते. ढोल स्वतः उष्णतेने प्रसरण पावतो आणि पट्ट्यांपासून दूर सरकतो. लहान गाड्यांत ब्रेकचा दाब एका तेलासारख्या द्रवातून चाकांपर्यंत पोहोचतो. हा द्रव वर्षानुवर्षे बदलला नाही तर हवेतील ओलावा शोषून घेतो, त्याचा उत्कलनांक खाली येतो आणि ऐन घाटात तो उकळतो. द्रवाऐवजी वाफेवर पाय पडला की पायाखालचे पेडल थेट तळाशी जाते. मोठ्या मालट्रकांत हे काम दाबाखालील हवा करते. चालक घाबरून पुनःपुन्हा ब्रेक मारू लागला की टाकीतील हवेचा दाब उतरतो. वर्तमानपत्रात आपण "ब्रेक निकामी झाल्याने" एवढेच शब्द वाचतो. त्या शब्दांआधी चार-पाच किलोमीटर हे सारे घडत आलेले असते.

हे मी केवळ पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सहाजण मामांच्या गाडीतून धुळ्याला निघालो होतो. डोक्यावर सामान, मागे आंब्याची पेटी. मामांना पेट्रोल वाचविण्याची मोठी हौस. बिजासनचा उतार लागताच त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि वळण आले की ब्रेक, वळण सरले की मोकळी, अशी ती खाली सोडू लागले. थोड्या वेळाने गाडीत जळकट वास आला. मामी म्हणाल्या, "बाहेर कोणी काहीतरी पेटवले असेल." पुढच्या वळणावर मामांचा पाय ब्रेकवर गेला आणि पाहतो तो पेडल मऊ, जवळजवळ तळाला टेकलेले. मामा बोलले काहीच नाहीत. पण त्यांच्या मानेवर एकाएकी घामाचे थेंब उभे राहिलेले मला मागच्या बैठकीवरून दिसले. त्यांनी गाडी जोराने खालच्या गिअरात ओढली, इंजिन किंचाळले, हातब्रेक ओढीत ओढीत ती एका चहाच्या टपरीपाशी कशीबशी उभी राहिली.

चाकांतून धूर निघत होता. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो, तेवढ्यात टपरीवर बसलेले एक वयस्क ट्रकचालक ओरडले, "अहो, पाणी नका टाकू! लोखंड तडकेल. चहा घ्या, तासभर बसा." मग मामांजवळ येऊन ते हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, ज्या गिअरात घाट चढता येतो, त्याच गिअरात तो उतरावा. पेट्रोल किती वाचलं असेल?" मामांनी हिशेब सांगितला नाही. एक तासाने आम्ही दुसऱ्या गिअरात निघालो. धुळे येईपर्यंत मामी एक अक्षर बोलल्या नाहीत.

त्या चालकाच्या वाक्यात सारे शास्त्र आले आहे. गाडी खालच्या गिअरात असली की चाके इंजिनाला फिरवतात. इंजिन त्यांना अडवते आणि ब्रेकांचे ओझे पुष्कळ हलके होते. न्यूट्रलमध्ये टाकलेली गाडी मात्र डोंगरावरून सोडलेला दगड असते. असा दगड किती चटकन वेग घेतो? उंचीने केवळ वीस मीटर, म्हणजे सहा-सात मजली इमारतीएवढे खाली येताच, घर्षण सोडून दिले तर, त्याचा वेग ताशी सत्तर किलोमीटर होतो. वीसास एक या उतारावर हे अंतर चारशे मीटरांचे आहे.

बिजासनच्याच पायथ्याशी धुळे जिल्ह्यातील पळासनेर हे गाव आहे. ४ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशाकडून आलेला एक कंटेनर ब्रेक निकामी झाल्याने पुढील वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात आणि बसथांब्यावर शिरला. किमान दहा माणसे मरण पावली. त्यांतील कित्येक माणसे कोणत्याही गाडीत बसलेली नव्हती. ती थांब्यावर बसची वाट पाहत उभी होती. घाटाचा धोका घाटातच संपत नाही. तो पायथ्याच्या सपाट जागेवर, जेथे चहाची दुकाने आणि बसथांबे असतात, तेथे येऊन पोहोचतो. पुण्याला कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार असाच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. उतारावर ते न्यूट्रलमध्ये सोडले होते, असे प्राथमिक तपासात पुढे आले. ना दरी, ना कडा, ना धुके. चित्र काढले तर कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही असा तो रस्ता आहे.

येथे मला आगगाडीची आठवण होते. भोपाळहून पंजाब मेलने मुंबईला गेलेल्यांनी इगतपुरी ते कसारा हा थळघाट पाहिला आहे. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली आणि थळघाटाचा १८६५ साली सुरू झाला. दोन्हींचा तीव्रतम उतार सदतिसास एक. एवढ्या उतारावर ब्रेक सुटलेली आगगाडी म्हणजे काय, हे त्या काळच्या अभियंत्यांना पुरते ठाऊक होते. म्हणून घाट उतरण्यापूर्वी ब्रेकांची तपासणी सक्तीची झाली आणि घाटात ठराविक ठिकाणी चढावर जाणारे आंधळे रूळ टाकण्यात आले. तेथील सांधे नेहमी त्या आंधळ्या रुळाकडेच वळविलेले असतात. गाडी ताब्यात आहे, ती थांबू शकते, हे दिसल्यावरच तिला मुख्य मार्ग मिळतो. बेफाम आलेली गाडी आपोआप चढावर जाते आणि तिचा वेग तेथे मरतो. 'चालक सावध असेल' यावर भरवसा ठेवून रेल्वेने घाट बांधला नाही. चालक चुकेल, यंत्र बिघडेल, असे धरूनच तो बांधला. मोटाररस्त्यांसाठी परदेशांत कित्येक घाटांच्या पायथ्याशी अशाच सुट्या खडीने भरलेल्या चढत्या वाटा ठेवतात. आपल्याकडे हा विचार फार उशिरा आला.

उशिरा का होईना, आला हे सांगितले पाहिजे. विंध्य उतरताना धामणोदच्या अलीकडे गणेश घाट आहे. तेथील तीव्र उतारावर मालट्रकांचे इतके अपघात झाले की, घाटाचे नाव काढताच त्या भागातील माणसे मान हलवितात. २०२४ च्या अखेरीस तेथे उतार सौम्य करणारा नवा मार्ग सुरू झाला. कसारा घाटाला पर्याय म्हणून समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटर लांबीचा बोगदा झाला व जून २०२५ मध्ये तो टप्पा वाहतुकीस खुला झाला. बोरघाटातून चाकांच्या गाड्यांसाठी पहिला चांगला रस्ता १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. या घाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखविली, अशी आख्यायिका आहे. त्याचे देऊळ जुन्या रस्त्यावर आहे आणि ट्रकचालक तेथे नाणे टाकून पुढे जातात. त्याच डोंगरातून आता पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग जातो. त्या साऱ्या मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मरण पावली होती. मग प्रत्येक अपघाताची जागा जाऊन पाहण्यात आली. उघडे खांब व झाडे झाकणारे कठडे बसविले गेले, रस्त्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवले गेले, आणि काही वर्षांत मृत्यूंची संख्या शंभराच्या खाली आली. डोंगर होता तेवढाच उंच राहिला होता.

दरीचे भय खोटे आहे, असे मात्र कोणी समजू नये. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. बसमधील एकच जण वाचला. तो दरीतून वर चढून आला तेव्हा जगाला ही वार्ता कळली. त्याच्या दोन वर्षे आधी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन बसगाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. पावसाळ्यात सह्याद्रीचे रस्ते खरोखरच अवघड होतात. धुके, घसरण, रस्त्यावर आलेली दरड यांपुढे चांगला चालकही हतबल होतो. त्या दिवसांत रात्रीचा घाट टाळावा हे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, ते उगीच नव्हे.

परंतु आता खलघाटाकडे पाहा. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला जाणारी महाराष्ट्राची एस.टी. बस नर्मदेच्या पुलाचा कठडा तोडून नदीत पडली. बाराजण गेले. विंध्याचा उतार संपला होता, सातपुडा यावयाचा होता; मधला हा पूल सपाट. आपल्या भोपाळ-इंदूरकडील कित्येक मराठी घरांत त्या दिवशी दूरध्वनी खणखणले, कारण अमळनेरच्या गाडीत आपले कोणी असणे अगदी शक्य होते. त्यानंतर एका वर्षाने, १ जुलै २०२३ च्या पहाटे, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी मरण पावले. तो महामार्ग तर रुंद, नवा, गुळगुळीत आणि मैलोन्‌मैल सरळ. अशा रस्त्यावर चालकाचे डोळे उघडे राहतात आणि मन मात्र झोपी जाते.

सरकारी नोंदी हेच सांगतात. २०२२ साली देशातील सुमारे दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यांवर झाले. सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. मरण पावलेल्यांत जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरील होते. वळणावर माणूस भितो व वेग कमी करतो. सरळ रस्ता दिसला की त्याचा हात सैल सुटतो. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे सूत्र परीक्षेत सर्वांना येते. ताशी तीसऐवजी साठच्या वेगाने जाणाऱ्या स्कूटरला उभे राहण्यासाठी ब्रेकने चौपट काम करावे लागते, आणि तेवढाच ब्रेक असला तर चौपट अंतर लागते. ते अंतर वळणावरही तेवढेच असते आणि आपल्या शाळेच्या फाटकासमोरही.

हे सारे मी दिवाळीच्या सुटीपूर्वी वर्गात सांगितले आणि ज्यांना गावी जावयाचे होते त्यांना एक काम दिले. कोणताही एक घाट उतरताना गाडी कोणत्या गिअरात होती, किती वेळ लागला आणि वाटेत काय दिसले, ते वहीत लिहून आणावे. सुटीनंतर पाच-सहा वह्या आल्या. बहुतेकांनी धबधबे, माकडे आणि बिजासनी देवीचे देऊळ यांचेच वर्णन केले होते. बोलिव्हियाचे नाव घेणाऱ्या मुलाने घाटाऐवजी आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढून आणला होता आणि त्यावर तीन ठिकाणी लाल शाईने फुल्या केल्या होत्या. एका मुलीच्या वहीत मात्र घाटाचे चारच ओळींचे टिपण होते. बाबांनी बिजासन घाट सबंध दुसऱ्या गिअरात उतरविला. मागच्या गाड्या सारख्या भोंगे वाजवीत होत्या. बाबांनी त्यांना हाताने पुढे जाण्याची खूण केली, पण वेग वाढविला नाही. तिने सतरापर्यंत भोंगे मोजले. मग तिला झोप लागली आणि जाग आली तेव्हा शिरपूर आले होते.